अठ्ठेचाळिसावी कवडी

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि दरवर्षी मी "पुढच्या वेळी बघू" म्हणून सटकतो. या वर्षी मीच होऊन विचारलं, तर त्यांना संशय आला. "सगळं ठीक आहे नं, मुळे?" ठीक आहे. ठीक आहे म्हणूनच लिहायला बसलो आहे. ठीक नव्हतं तेव्हा एक ओळ लिहिता आली नसती.

आपल्या मंडळात माझ्या कामाबद्दल भलभलते समज आहेत. गणपतीत दोघांनी मला बंद पडलेले लॅपटॉप आणून दिले होते. एका वहिनींनी विचारलं, "म्हणजे भाऊजी, तुम्ही दिवसभर ऑफिसात गेम खेळता?" तसं नाही. मी लपवतो. वस्तू लपवणं हाच माझा धंदा आहे, आणि त्यात मी बऱ्यापैकी तरबेज आहे. वस्तूंपुरतं थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आधी काम काय ते सांगतो. मोबाइलवर, टॅबवर खेळायचा एक प्रकार असा असतो की त्यात खेळणारा स्वतः एक पात्र होतो. तुम्ही कुणीतरी असता, तुमच्यावर काही कामगिरी असते आणि ती पार पाडताना तुम्ही एका अख्ख्या मुलखातून हिंडता. माणसं भेटतात, बोलतात, फसवतात. आमच्या खेळात तुम्ही रेवा असता. रेवा ही राजाचे खलिते पोचवणारी मुलगी. एका राज्यातला खलिता नदीपलीकडच्या दुसऱ्या राज्यात न्यायचा, एवढीच गोष्ट. पण तो पोचेपर्यंत पंधरा-वीस दिवस रोज थोडं थोडं खेळावं लागतं.

ही झाली मुख्य वाट. त्या वाटेशी काही संबंध नसलेल्या छोट्या छोट्या वस्तू आम्ही त्या मुलखात पेरून ठेवतो. रेवाच्या मुलखात अठ्ठेचाळीस कवड्या आहेत. कुठे रांजणामागे, कुठे पारावर, कुठे छपराच्या वळचणीला. त्या उचलल्या नाहीत तरी खलिता पोचतो, राजा खूश होतो, खेळ संपतो. पण सगळ्या जमवून घाटावरच्या म्हाताऱ्या नावाड्याला नेऊन दिल्या, तर तो कोळशाने पायरीवर पट आखतो आणि म्हणतो, "बस." मग खेळाच्या आत दडवलेला दुसरा खेळ सुरू होतो. अष्टाचंगा.

एवढा उपद्व्याप कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं असं आहे, की चारजण दोन वर्षं खपून एक मुलूख उभा करतात. त्यात बोळ असतात, माळे असतात, ओसऱ्या असतात. खेळणारा मात्र मोठ्या रस्त्याने सरळ निघून जातो. त्याने जरा थांबावं, वळावं, मागे बघावं म्हणून कवडी. ती म्हणजे आमचं "या नं, बसा नं" असतं.

या कामात मी कसा आलो तेही थोडक्यात सांगतो. पंचवीस वर्षं मी इथेच फ्रीगंजमध्ये एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढत होतो. तिथेच गौरव स्वतःच्या घराच्या नकाशासाठी आला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी फावल्या वेळात काढलेला एका काल्पनिक गावाचा नकाशा त्याने टेबलावर बघितला आणि घराचं विसरला. "दादा, ये गाँव है कहाँ?" मी म्हणालो, कहीं नहीं. "तो फिर हमारे यहाँ बना दो." त्याचं खेळ बनवण्याचं ऑफिस म्हणजे टावर चौकात बॅगांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी गेलो तो तिथलाच झालो.

नकाशे काढणाऱ्याला एक कळतं, की माणूस कुठे बघतो आणि कुठे बघत नाही. दारातून आत आल्यावर माणूस वर बघत नाही. जिना उतरताना जिन्याखाली बघत नाही. लपवण्याचे माझे नेम यातूनच आले. मागे वळून बघणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे. वस्तू सापडल्यावर "अरे, इथेच होती की!" असं वाटावं, "काय मूर्खपणा आहे" असं वाटू नये. आणि तिसरा नेम, जो मी स्वतः गौरवला मोठ्या ऐटीत सांगितला होता: जी वस्तू आहे म्हणून सांगितलं, ती असलीच पाहिजे.

गिऱ्हाइकं एकेक असतात. आमच्या आधीच्या खेळात तीस मोरपिसं जमवली की पतंगांची काटाकाटी उघडायची. कोट्याच्या एका गृहस्थांनी तीसही पिसं शोधली आणि लिहिलं, की मला पतंगात रस नाही, तरी पिसं परत जागच्या जागी ठेवायची सोय करावी, पुन्हा शोधीन म्हणतो. जबलपूरच्या एका बाईंची तक्रार होती की तुमची नायिका इतकं हिंडते आणि तिला टेकायला कुठे जागा नाही. मला ते पटलं. रेवाच्या मुलखात मी ठिकठिकाणी कट्टे घातले. तिला बसवलं की ती पाय हलवत बसते, आणि बसल्यावरच दिसेल अशा सहा कवड्या मी लपवल्या. बाईंनी नंतर कळवलं, "आता बरं वाटलं."

अष्टाचंग्याचं मात्र मला विशेष होतं. पंचवीस घरांचा पट, चार कवड्यांचं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. गौरव म्हणाला, निम्म्या वेळा उताणी, निम्म्या वेळा पालथी, कॉम्प्युटर बघून घेईल. मी म्हटलं, कवडी म्हणजे नाणं नव्हे. तिचा एका अंगाला कल असतो आणि प्रत्येकीचा निराळा. खऱ्या कवड्या आणल्या. मी ऑफिसच्या फरशीवर टाकायचो, अंजुम लिहून घ्यायची. अंजुम म्हणजे आमची तपासनीस. खेळ बाहेर जाण्याआधी तो मोडून बघणं हे तिचं काम. ती म्हणाली, "दादा, नाव वाला तो पत्थर पे खेलता है, आप टाइल पे फेंक रहे हो." म्हणून आम्ही दुपारी नदीच्या खऱ्या घाटावर गेलो. तिथे दगडात कोरलेला जुना पट होताच. बघता बघता पाचसहा माणसं जमली. एका आजोबांनी माझ्या हातातून कवड्या काढूनच घेतल्या. "ऐसे नहीं भैया, हथेली में घुमाओ. तुम तो जैसे चना फेंक रहे हो." मग ते घुमवून टाकत राहिले आणि अंजुम लिहीत राहिली. नावाड्याचा हात आहे तो त्या आजोबांचा.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगतो आहे, कारण पुढे जे झालं त्यामुळे नऊ महिने हा अष्टाचंगा एकाही माणसाला खेळता आला नाही. आणि त्याला कारण मी.

गेल्या वर्षी खेळ बाहेर जायला आठवडा उरला होता. साध्या फोनवर तो अडखळत होता. गौरवने खेळाचं वजन उतरवायला घेतलं. दक्षिण टोकाला एक बावडी होती, पायऱ्यापायऱ्यांची खोल विहीर. फार सुंदर झाली होती, पण जड होती. गौरवने ती काढली. जड मनाने काढली, मला विचारून काढली, मी हो म्हणालो. तिच्या तळाशी, शेवटच्या पायरीच्या कोनाड्यात, एक्केचाळीस नंबरची कवडी होती. बावडीबरोबर तीही गेली. नावाडी मात्र अठ्ठेचाळीसच मागत राहिला.

आमच्याकडे पद्धत अशी, की असा काही बदल झाला की मी पूर्ण मुलूख पायी फिरायचा, एकेक कवडी उचलायची आणि यादीत तिच्यापुढे टिक करायची. याला दोन दिवस लागतात. अष्टाचंगा तपासताना अंजुम हे करत नसे, करायची गरजही नव्हती. तिच्याकडे एक चोरबटण होतं, ते दाबलं की अठ्ठेचाळीस कवड्या एकदम पदरात पडायच्या. तिचा भरवसा माझ्या चालण्यावर.

मी चाललो नाही. बाकीची शंभर कामं होती हे खरं, पण दोन दिवस काढता आले असते हेही खरं. मी अठ्ठेचाळीस वेळा त्या मुलखातून फिरलो होतो, मला वाटलं, मला पाठ आहे. खुर्चीत बसून मी यादीवर वरपासून खालपर्यंत टिकच्या खुणा केल्या. एक्केचाळीसवरही केली. हात थांबलासुद्धा नाही.

अंजुमने दारातून विचारलं, "दादा, पूरा चल लिए?"

"हो गया," मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही. मी 'हो गया' म्हटलं की झालं, असं त्या ऑफिसात होतं. गौरवने त्याच्या वडिलांशी माझी ओळख करून देताना सांगितलं होतं, "पापा, दादा जो बोल दें, वो देखने की ज़रूरत नहीं."

खेळ बाहेर गेला. चौथ्या दिवशी सकाळी टावर चौकात पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभा होतो. कुणीतरी शेव जास्त घाल म्हणत होतं. काही कारण नसताना मला बावडी आठवली. मग तिचा तळ आठवला. मग कोनाडा. प्लेट तशीच ठेवून वर गेलो, मुलूख उघडला, दक्षिणेला गेलो. सपाट माळ. बावडीच्या तोंडाशी तीन पायऱ्या होत्या, त्या काढायच्या राहिल्या होत्या. त्या तीन पायऱ्या खाली उतरत होत्या आणि जमिनीत संपत होत्या.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. दुरुस्ती पंधरा मिनिटांची होती. पण आमच्याकडे कुठलाही बदल करताना कारण लिहावं लागतं आणि ते अंजुम वाचते. काय लिहू? 'न चालता टिक केली'? मी स्वतःला समजावलं, की तिथपर्यंत पोचणार कोण. शंभरातला एखादा. तो एखादाही कंटाळेल.

माणसं कंटाळली नाहीत. सत्तेचाळीसपर्यंत पोचलेल्यांनी इंटरनेटवर अठ्ठेचाळिसावीचे शोध लावायला सुरुवात केली. एकाने सांगितलं, नावाड्याच्या मांजरीला सात वेळा दूध पाजा. दुसऱ्याने सांगितलं, वडाखाली रेवाला पाठमोरी उभी करा आणि वाट बघा. गौरव हे वाचून खूश व्हायचा. "दादा, क्या छुपाया है आपने! कोई नहीं ढूँढ पा रहा." मी मान हलवायचो.

मग पुराणिक काकांचं पत्र आलं.

पुराणिक काकांना मंडळात सगळे ओळखतात. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते, आयुष्यभर खांद्यावर दुर्बीण घेऊन माळवा मोजला. मला ते नुसते नमस्कारापुरते ठाऊक होते. खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांत त्यांनी 'मुळे' वाचलं आणि मराठीत लिहिलं. "आपला खेळ मुलीने टॅबवर घालून दिला. प्रदेश मोजून पाहण्याजोगा आहे. सत्तेचाळीस कवड्या मिळाल्या. उरलेलीची जागा सांगू नये. फक्त दिशा सांगितल्यास आभारी होईन."

मी उत्तर लिहिलं: "दक्षिणेकडे पाहा."

हे मी का लिहिलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. एका परीने ते खरंच होतं, कवडी दक्षिणेलाच तर होती. बहुतेक अर्धं खरं बोललो की पूर्ण खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, म्हणून लिहिलं असेल. काका चार महिने दक्षिणेला फिरत राहिले.

पावसाळा संपता संपता ते ऑफिसात आले. बॅगांच्या दुकानाशेजारचा जिना चढून, काखेत कागदाची सुरळी. गौरव बाहेर गेला होता, अंजुम तिच्या खोलीत होती. काकांनी माझ्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून सुरळी उलगडली. आलेख कागदावर रेवाचा संपूर्ण मुलूख. रेवाची पावलं मोजून काढलेला. बोळ, पार, माझे सगळे कट्टे. पंचवीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाने सांगतो, माझ्या मूळ नकाशापेक्षा तो सरस होता.

"हे बघा मुळे," त्यांनी दक्षिणेवर पेन्सिल टेकवली. "इथे तीन गावांकडून तीन पायवाटा येतात. आणि माळावर संपतात. का हो?"

मी त्यांनी बाजूला सारलेले कागद नीट रचायला लागलो.

"माणसं चालल्याशिवाय वाट पडत नाही. तीन गावांची माणसं एका जागी कशाला जातील? पाण्याला जातील. आणि इथे या पायऱ्या. खाली उतरणाऱ्या. मी खात्यात होतो, मला पायरी बघून कळतं ती देवळाची का पाण्याची." त्या जागी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'येथे विहीर असावी.' "बरोबर आहे का माझं? एवढंच सांगा. कवडीचं राहू द्या."

खेळ बनवणाऱ्याला असा खेळणारा जन्मात एकदा भेटतो. आणि मी म्हणालो, "नाही काका. ती नुसती सजावट आहे. असंच घातलंय."

"असंच?"

"हो. असंच."

 त्यांनी खिशातून खोडरबर काढलं आणि ती अक्षरं खोडली. सावकाश, नीट, कागद फाटू नये अशी. भुकटी फुंकरीने बाजूला केली. "मग माझंच चुकतंय कुठेतरी," म्हणाले. "चुकतं हल्ली." सुरळी बांधून, जिन्याचा कठडा धरून ते उतरले.

मला वाटलं होतं, गेला विषय. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला. तिची माझी ओळख नव्हती. नंबर तिने मंडळातून घेतला होता.

"काका, एक विचारायचं होतं. तुमच्या खेळात ती अठ्ठेचाळिसावी कवडी खरंच इतकी कठीण आहे का हो?"

"का गं?"

मग तिने सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी बाबा देवास गेटच्या स्टँडवर देवासच्या बसऐवजी आगरच्या बसमध्ये बसले आणि आगरला पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोनदा गॅस चालू राहिला. डॉक्टर म्हणाले, वयाचं असेल, डोकं कामात ठेवा. तिने खेळ घालून दिला आणि बाबा पुन्हा पहिल्यासारखे झाले. कागद आणले, पेन्सिली आणल्या, जेवताना पावलांचे आकडे सांगायला लागले. "आणि तुमच्याकडून आले त्या दिवसापासून सगळंच दोनदा मोजतात. गोळ्या दोनदा, जिना दोनदा. म्हणतात, माझ्याकडून एक निसटतं. मंडळाच्या अंकाची प्रुफंसुद्धा परत पाठवली त्यांनी."

अंकाची प्रुफं पुराणिक काका तपासतात, हे मला माहीत नव्हतं. वैशाली म्हणाली, कित्येक वर्षं तेच तपासतात. प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचायचा आणि मगच त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक टिक करायची. न वाचता एकही टिक नाही. "आता म्हणतात, माझ्या नजरेचा भरवसा राहिला नाही. डॉक्टरांच्या तपासण्या ठीक आहेत हो. पण त्यांना पटतच नाही. म्हणतात, मग ती एक कुठे आहे?"

फोन ठेवला. समोर भिंतीवर गौरवने हौसेने लावलेली कवड्यांची यादी होती, माझ्या अठ्ठेचाळीस टिकांसकट.

मी उठून गौरवच्या खोलीत गेलो. अंजुमलाही बोलावलं.

"एक बात करनी है. एक्केचाळीस नंबर है ही नहीं. बावडी के साथ चली गई."

गौरवने हेडफोन काढले. "लेकिन दादा, लिस्ट में तो टिक..."

"बैठे-बैठे लगाया था. चला नहीं था मैं."

"कब पता चला?"

"चौथे दिन."

तो बोटांवर महिने मोजायला लागला आणि मध्येच थांबला. "दादा, मैं तो सबको आपकी मिसाल देता हूँ."

"मालूम है. इसीलिए तो."

गौरवने हेडफोन टेबलावर ठेवले. मग गौरव म्हणाला, "बावडी तो मैंने हटाई थी. याद तो मुझे भी आना चाहिए था." हा त्याचा मोठेपणा. अंजुम एकच वाक्य बोलली, "मैंने पूछा था ना, दादा," आणि निघून गेली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी कुठल्याशा कामाबद्दल 'हो गया' म्हटलं, तर खोलीतून आवाज आला, "चल के, या बैठ के?" आजही हेच विचारते. मला ते आवडतं.

त्याच दुपारी काकांकडे गेलो. वैशालीने दार उघडलं. काका टेबलाशी रिकामे बसले होते, सुरळी बांधलेली, कोपऱ्यात उभी. मी बसण्याआधीच म्हणालो, "काका, तिथे विहीर होती. बावडी. आम्ही काढली. कवडी तिच्या तळाशी होती, तीही गेली. तिथे सापडण्यासारखं काही नव्हतंच."

काकांनी विचारलं, "म्हणजे सत्तेचाळीस बरोबर?"

"बरोबर."

"सगळ्या?"

"तेवढ्याच होत्या काका. तुम्ही एकही सोडली नाहीत."

"वैशाली!" त्यांनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की ती हातात कलथा घेऊन धावत आली. "ऐकलंस? विहीर होती! मी म्हटलं होतं नं, पाण्याची पायरी आहे म्हणून?" त्यांनी सुरळी उलगडली, पेन्सिल घेतली आणि खोडलेल्या जागी पुन्हा लिहिलं. 'असावी' नाही लिहिलं. लिहिलं, 'येथे विहीर होती.'

मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं हे?"

आणि मी म्हणालो, "आत्ताच, काका. या आठवड्यात."

वैशाली चहा ठेवायला गेली. काका "होतं असं, होतं असं" म्हणाले. मला बशीभर चिवडा मिळाला आणि मी तो खाल्ला.

पुढचं सगळं चांगलं आहे. दुरुस्ती बाहेर गेली. बावडी काही परत आणता आली नाही, पण त्या पायऱ्यांवरच, सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेला, आम्ही एक्केचाळीस नंबर ठेवली. बदलाच्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: 'मुळे चालले नव्हते.' काकांनी ती उचलली, नावाड्याकडे नेली आणि पट मांडला. आठवड्याभराने त्यांचा निरोप आला, "आपला नावाडी प्रामाणिक आहे. मी त्याची दोनशे दानं लिहून घेतली आणि घरच्या कवड्यांशी ताडून पाहिली." अंजुमला तो निरोप मी दोनदा वाचून दाखवला. मंडळाची प्रुफं काकांनी पुन्हा घ्यायला सुरुवात केली. रविवारी मी त्यांच्याकडे अष्टाचंगा खेळायला जातो आणि बहुतेक वेळा हरतो. दान टाकताना ते कवड्या हातात घुमवतात.

पण दर रविवारी ती बशी समोर येते आणि मला ते 'आत्ताच' आठवतं. म्हणून हा लेख. काका, तुम्ही जिना चढून आलात तेव्हा मला माहीत होतं. तुमचं पत्र आलं तेव्हा माहीत होतं. 'दक्षिणेकडे पाहा' लिहिताना माहीत होतं. खेळ बाहेर गेल्याच्या चौथ्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही माझ्या टेबलावर ती अक्षरं खोडत होतात तेव्हा मी तुमच्या हाताकडे बघत होतो आणि गप्प होतो. तुमची नजर ठीक होती. मोजणी ठीक होती. खोट माझ्यात होती.

हे तोंडावर सांगायला हवं होतं, हे मला कळतं. तीन रविवार सांगायचं म्हणून गेलो आणि खेळून परत आलो. संपादकांना मी एकच विनंती केली आहे, की या लेखाचं प्रूफ दुसऱ्या कुणाकडे न देता नेहमीप्रमाणे काकांकडेच द्यावं.

*

वरचा मजकूर दिल्यानंतर चार ओळी वाढवतो आहे. संपादकांची परवानगी घेतली आहे.

प्रूफ काल परत आलं. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीची बारीक टिक आहे. 'म्हणून हा लेख' या परिच्छेदाशेजारीही तेवढीच, तशीच टिक आहे. खाडाखोड नाही, शेरा नाही. मी प्रूफ उजेडात धरून बघितलं. काही लिहून खोडल्याच्याही खुणा नाहीत.

सबंध लेखात त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली आहे. माळावरच्या पायऱ्यांचा उल्लेख आहे तिथे 'तीन' या शब्दाखाली रेघ ओढून समासात लिहिलं आहे: "तीन नव्हेत, चार. चौथी निम्मी मातीत आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहावे. रविवारी या."

वर मी 'तीन' लिहिलं आहे ते तसंच राहू दिलं आहे. आज सकाळी ऑफिसात आलो आणि रेवाला घेऊन दक्षिणेला निघालो. अंजुमने आतून विचारलं, दादा, सुबह-सुबह कहाँ? मी म्हटलं, चल के देखना है. मुख्य रस्ता सोडला, तिन्ही पायवाटांपैकी लांबची घेतली, माळावर पोचलो, एकेक पायरी उतरलो.

चार आहेत.